संगणकाचं दुकान बुडालं की गिऱ्हाइकं अशी का वागतात? (आणि माझ्या लॅपटॉपचं काय?)

नवशिका

गेली बरीच वर्षं कॉम्प्युटरचं जे काही लागेल ते ज्या साखळी दुकानातून घेत आलो, ते आता बुडालंय. दारावर भलामोठा पिवळा फलक लावलाय : ‘दुकान कायमचे बंद. सर्व माल काढणे आहे.’ माझा लॅपटॉप तिथे दुरुस्तीला पडून आहे. कीबोर्ड आणि बॅटरी बदलायची म्हणून आगाऊ पैसे भरलेत. भेट म्हणून मिळालेलं एक व्हाउचर खिशात आहे. घरच्या डेस्कटॉपवर त्यांचीच वाढीव वॉरंटी आहे. म्हणजे अडकायचं ते सगळं अडकलंय.

काल चौकशीला गेलो तर आत पाय ठेवायला जागा नव्हती. एक गृहस्थ बिलांची फाइल काउंटरवर आपटत होते. दोन पोरं फलकाखाली उभी राहून फोटो काढत होती. एक बाई सवलतीची चिठ्ठी नखानं खरवडून खालची जुनी किंमत वाचत होत्या. आणि एक वयस्कर गृहस्थ काउंटरवरच्या मुलाला विचारत होते, “तू आता कुठे जाणार रे?” ते काही घ्यायला आलेच नव्हते.

मी तासभर रांगेत उभा राहिलो, पण नंबर येण्याआधीच खिडकी बंद झाली. म्हणून इथे विचारतो. एकाच दुकानात, एकाच वेळी माणसं इतकी वेगवेगळी का वागतात? आणि मी नक्की कुणाच्या मागे लागू?

गप्पूशेठ

त्या फोटो काढणाऱ्यांपैकी निम्म्यांनी गेल्या काही वर्षांत तिथे येऊन माल फक्त हाताळला असेल आणि घरी जाऊन ऑनलाइन मागवला असेल. आता गळे काढतायत. बाकी तुमच्या व्हाउचरवर पाणी सोडा.

पेचकस

गप्पूशेठ, पाणी सोडायची इतकी घाई नको. मी अशाच एका दुकानाच्या सर्व्हिस काउंटरवर होतो, अगदी शेवटचं शटर पडेपर्यंत. दुकानाचं नाव सांगत नाही, त्यानं काही फरकही पडत नाही. काउंटरच्या आतल्या बाजूनं जे दिसलं ते सांगतो.

माणूस अशा वेळी कसा वागेल हे त्याच्या स्वभावावरून सांगता येत नाही. त्याचं आत काय अडकलंय त्यावरून सांगता येतं. ज्यांचं काहीच अडकलं नव्हतं ते हळवे झाले. ज्यांचे पैसे अडकले होते ते ओरडले. आणि ज्यांचं मशीन आत होतं ते ओरडलेसुद्धा नाहीत, काउंटरला चिकटून उभे राहिले ते हलेचनात. एरवी ‘सावकाश होऊ द्या, घाई नाही’ म्हणणारा माणूस आगाऊ रकमेची पावती नाचवत अंगावर येताना मी पाहिलाय. आणि कायम हुज्जत घालणारा एक जण, ज्याचं सगळं मिटलेलं होतं, तो जाताना आम्हा सगळ्यांशी हात मिळवून गेला.

एक बाई आल्या होत्या. कॅबिनेट दुरुस्तीला दिलेलं, पावती हरवलेली. पावतीशिवाय काहीही बाहेर द्यायचं नाही असा हुकूम होता, आणि तो बरोबरच होता, कारण त्या दिवसांत दुसऱ्याचं मशीन ‘माझंच आहे’ म्हणून नेणारेही येतात. रॅकवर एकाच बनावटीची काळी कॅबिनेटं ओळीनं उभी, निम्म्यांवरच्या चिकटचिठ्ठ्या गळून पडलेल्या. त्या म्हणाल्या, “बाकीचे स्क्रू चांदीच्या रंगाचे आहेत, मागे खालच्या कोपऱ्यातला एकच काळा. मूळचा हरवला म्हणून मीच दुसरा बसवला होता.” मी एकेक कॅबिनेट वळवून पाहत गेलो. काळा स्क्रू सापडला. मग सुरू करून लॉगिनचं नाव जुळवलं आणि दिलं. त्यांना मशीन नकोच होतं खरं तर, आतली हार्ड डिस्क हवी होती. तिथेच उघडून डिस्क काढून दिली, रिकामं कॅबिनेट त्या सोडून गेल्या.

आता तुमच्या कामाचं. पैसा आणि वस्तू यांत जमीनअस्मानाचा फरक आहे, आणि रांगेतल्या निम्म्या लोकांना तो माहीत नसतो.

लॅपटॉप तुमचा आहे. दुरुस्तीला दिला म्हणून तो दुकानाचा होत नाही, त्यामुळे दुकानाच्या देण्यांपायी तो विकता येत नाही. पूर्ण झालेल्या कामाचे पैसे बाकी असतील तर तेवढ्यासाठी अडवू शकतात, इतकंच. पण आगाऊ भरलेली रक्कम ही तुमची ‘वस्तू’ नाही. ती गल्ल्यात गेली, गल्ला बँकेत गेला, आणि दुकान बुडालं त्या दिवशी तुम्ही गिऱ्हाईक राहिला नाहीत, धनको झालात. धनकोंच्या रांगेत तारण घेऊन बसलेल्या बँका पुढे असतात, कामगारांचे थकलेले पगार पुढे असतात, आणि तुम्ही-आम्ही जवळजवळ शेपटाला. व्हाउचरचंही तेच. दुकान चालू असतं तोवर ते पैसे, बुडालं की न फेडलेलं कर्ज.

म्हणून सगळ्यात जास्त संताप व्हाउचरवाल्यांचा असतो, रक्कम किरकोळ असली तरी. कारण डोळ्यांसमोर दुकान उघडं आहे, माल आहे, रोख घेऊन विक्री चालू आहे, आणि तुमचा कागद मात्र चालत नाही. ऑस्ट्रेलियात डिक स्मिथ ही इलेक्ट्रॉनिक्सची साखळी जानेवारी २०१६ मध्ये रिसीव्हरांच्या (कर्जवसुलीसाठी कारभार हाती घेणाऱ्यांच्या) हाती गेली तेव्हा हेच झालं. दुकानं चालू, पण गिफ्ट व्हाउचर आणि आगाऊ रकमा मानायला नकार. लोक नुसते खवळले. ज्यांच्या नावानं ती साखळी होती त्या डिक स्मिथ यांनी आपला धंदा कितीतरी वर्षं आधीच विकून टाकलेला, पण पाटीवर नाव त्यांचंच. ब्रिटनमध्ये कॉमेट ही तशीच साखळी नोव्हेंबर २०१२ मध्ये प्रशासकांकडे, म्हणजे बुडालेल्या कंपनीचा कारभार बघायला नेमलेल्यांकडे गेली, तेव्हाही गिफ्ट कार्डं आधी बंद केली आणि ओरड झाल्यावर काही दिवसांतच पुन्हा घ्यायला सुरुवात केली. अमेरिकेत २०१५ साली रेडिओशॅक या इलेक्ट्रॉनिक्सच्या साखळीच्या दिवाळखोरीत टेक्सास राज्याच्या ॲटर्नी जनरलनी गिफ्ट कार्डवाल्यांची बाजू लावून धरली आणि त्यांना रांगेत वरची जागा मिळाली. तेव्हा गप्पूशेठ, ओरडून काही होत नाही असं नाही. फक्त ते योग्य खिडकीवर ओरडायला हवं. काउंटरवरचा मुलगा ती खिडकी नव्हे. त्याचा स्वतःचा पगार त्याच रांगेत उभा असतो.

आमच्याकडे फाइल आपटणारे रोज यायचे. त्यांना एकच सांगायचो : कारभार आता मालकाच्या हाती नाही, प्रशासक नेमलाय, दारावरच्या नोटिशीत नाव-पत्ता आहे, तिथे लेखी दावा करा, मुदतीच्या आत करा. दहातला एखादा नोटीस वाचायचा. बाकीचे तिच्याशेजारचाच सवलतीचा फलक वाचायचे.

त्या सवलतीबद्दलही बोलतो, कारण तिथे गिऱ्हाईक सगळ्यात जास्त फसतं आणि सगळ्यात जास्त खूश असतं. ‘माल काढणे आहे’ ही विक्री बहुतेक वेळा दुकान करतच नाही. माल एकगठ्ठा काढून देणाऱ्या कंपन्या असतात, त्या येतात, किमती ठरवतात आणि शक्य तेवढे पैसे काढून धनकोंना देतात. गिऱ्हाइकाचं भलं करणं हे त्यांचं कामच नव्हे. सुरुवातीला चालू सवलती रद्द करून माल छापील किमतीवर नेतात आणि त्यावर दहा टक्के सूट लिहितात. म्हणजे परवा जो मॉनिटर स्वस्तात होता तो आज ‘सेल’मध्ये महाग. सर्किट सिटी या इलेक्ट्रॉनिक्सच्या साखळीचं अमेरिकेत २००९ च्या जानेवारीत ठरलं की सगळी ५६७ दुकानं बंद करायची. मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात शेवटचं दुकान बंद झालं. तिथेही लोक पहिल्याच दिवसांत तुटून पडले आणि ‘हे तर शेजारच्या दुकानापेक्षा महाग आहे’ म्हणत बाहेर पडले. तुम्ही पाहिलेल्या त्या चिठ्ठी खरवडणाऱ्या बाई रांगेतल्या सगळ्यात शहाण्या बाई होत्या.

सूट खरी वाढते ती शेवटी, आणि तेव्हा उरतं काय तर बंद पडलेल्या प्रिंटरांची शाई, जुन्या फोनांची कव्हरं, लॅपटॉपच्या बॅगा आणि कुणालाही नको असलेल्या केबली. आमच्याकडे सगळ्यात शेवटी रॅक विकले. ज्या टेबलावर मी मशीनं उघडायचो तेही विकलं. घेणाऱ्यानं त्यावरची अँटीस्टॅटिक चटई फुकट मागितली. दिली.

निळीशाई

पेचकस, प्रतिसाद उत्तम, पण एका ठिकाणी मला पटलं नाही. ‘ज्यांचं काहीच अडकलं नव्हतं ते हळवे झाले’ हे जरा स्वस्तात काढलंत.

माझ्या नेहमीच्या दुकानात एक मुलगा होता. मी ग्राफिक कार्ड मागायला गेले की तो आधी विचारायचा, “एसएमपीएस किती वॉटचा आहे?” म्हणजे कॅबिनेटमधला वीज पुरवणारा डबा. मला सांगता आलं नाही तर विकायचाच नाही. म्हणायचा, घरी जा, झाकण उघडा, बाजूच्या स्टिकरचा फोटो घेऊन या. रॅमचं तेच. माझ्या बोर्डावर काय चालतं ते त्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. ते दुकान बंद झालं तेव्हा माझा पैसा काय, कागदाचा कपटाही आत नव्हता. पण आता ऑनलाइन पानावरच्या तीनशे परीक्षणांतून मलाच शोधावं लागतं की हे बसेल की नाही. अडकलं होतं ते हेच. त्याचा दावा कुठल्या अर्जावर करायचा?

आणि गप्पूशेठ, मी ऑनलाइनसुद्धा घ्यायचे, तिथूनही घ्यायचे. दोन्ही करणारी माणसं असतात.

गप्पूशेठ

असतात ना. पण त्या मुलानं परत पाठवलं, तेव्हा स्टिकर बघून तुम्ही कार्ड त्याच्याकडूनच घेतलंत का?

निळीशाई

दर वेळी नाही. झालं समाधान?

पेचकस

निळीशाई, हे मान्य. असा सल्ला फुकट मिळायचा म्हणून त्याची किंमत कुठल्याच ताळेबंदात नसायची. तुमच्यासारखी माणसं आमच्याकडेही आली होती. एकानं मला माझा फोन नंबर मागितला आणि नंतर खरंच कामं दिली.

मुळातून हळहळलेले लोक पाहायचे तर फ्रायज इलेक्ट्रॉनिक्सचं उदाहरण बघा. १९८५ साली कॅलिफोर्नियात सुरू झालेली साखळी. दुकानं म्हणजे एकेक देखावा होता : बरबँकच्या दुकानाच्या दर्शनी भिंतीत उडती तबकडी घुसलेली, दुसरीकडे कुठे इजिप्तचं मंदिर. तिथे रेझिस्टरपासून फ्रीजपर्यंत सगळं मिळायचं. २०१९ पासून फळ्या रिकाम्या दिसायला लागल्या, लोक त्या रिकाम्या फळ्यांचे व्हिडिओ करायला जायचे. आणि २४ फेब्रुवारी २०२१ ला एका निवेदनात उरलेली ३१ दुकानं बंद झाल्याचं सांगून टाकलं. ना सेल, ना निरोपाचे आठवडे. दुरुस्तीला मशीनं दिली असतील त्यांनी ती परत न्यायला ईमेल करावा, अशी सूचना संकेतस्थळावर. तिथे हळहळ खूप झाली, आरडाओरडा त्या मानानं कमी. माल आधीच संपत आलेला, आगाऊ पैसे कोण कशाचे भरणार? म्हणजे माझं म्हणणं तिथेही टिकतं, पण तुमचंही टिकतं. इतके लोक रिकाम्या दुकानात फक्त बघायला जात होते ते उगीच नाही.

नवशिका

खूप आभार. आज सकाळी लवकर गेलो. लॅपटॉप आहे, दिसला, पण ‘यादी चालू आहे, दोन दिवसांनी या’ म्हणाले. अजून काही शंका :

आगाऊ रक्कम मी क्रेडिट कार्डानं भरली होती. त्यानं काही फरक पडतो का? डेस्कटॉप त्यांनीच जुळवून दिलेला आहे, त्याच्या वॉरंटीचं काय? माझा फोन, पत्ता, ईमेल, सगळी खरेदी त्यांच्याकडे नोंदलेली आहे, ती कुठे जाते? आणि शेवटचं, तिथे एक लेझर प्रिंटर चाळीस टक्के सवलतीत आहे. घेऊ का?

पेचकस

कार्डानं भरली असेल तर आजच बँकेला कळवा, रांगेत नंतर उभे राहा. सेवा मिळालीच नाही म्हणून व्यवहार उलटवून मागता येतो, त्याला चार्जबॅक म्हणतात. पैसे दुकानाच्या तिजोरीतून यायची वाट बघावी लागत नाही. मात्र मुदत असते आणि ती कार्डाकार्डानुसार बदलते. ब्रिटनमध्ये तर १९७४ च्या ग्राहक कर्ज कायद्याचं कलम ७५ आहे : वस्तूची किंमत १०० पौंडांहून जास्त आणि ३०,००० पर्यंत असेल तर विकणाऱ्याइतकीच क्रेडिट कार्ड कंपनीही जबाबदार. २००५ मध्ये टाइम आणि टायनी ही नावं चालवणारी तिथली कॉम्प्युटर कंपनी बुडाली तेव्हा पैसे भरून मशीन न मिळालेल्यांमध्ये कार्डवाले सुटले आणि चेकवाले धनकोंच्या रांगेत गेले. तुमच्याकडे कायदा कसा आहे ते तुमची बँकच सांगेल. बँकेला पावती, दुकान बंद झाल्याच्या नोटिशीचा फोटो आणि ‘काम झालेलं नाही’ असं लिहिलेला सर्व्हिसचा कागद द्या. हा तिसरा कागद आत्ताच मागून घ्या. काउंटरवरची मुलं गेली की लिहून द्यायला कुणी उरत नाही.

यादी चालू आहे म्हणाले तर खरंच चालू असेल. लॅपटॉपच्या खालचा सिरियल नंबर मूळ खोक्यावर किंवा बिलावर असतो, तो घेऊन जा. नंबर जुळला की कुणी वाद घालत नाही. नवी बॅटरी बसवली असेल आणि कीबोर्ड नसेल तर तसंच घ्या. कीबोर्ड येईल म्हणून मशीन तिथे ठेवू नका.

डेस्कटॉपचं जरा किचकट आहे. वाढीव वॉरंटीचा कागद काढा आणि बारीक अक्षरात बघा, जबाबदारी कुणाची लिहिलीय. एखाद्या विमा कंपनीचं नाव असेल तर ती वॉरंटी दुकानाबरोबर मरत नाही. फक्त दुकानाचंच नाव असेल तर तो कागद व्हाउचरच्या शेजारी ठेवा, दाव्यात दोन्ही लिहा.

पण जुळवलेल्या मशीनमध्ये प्रत्येक भागाची बनवणाऱ्याची वॉरंटी वेगळी असते, आणि ती चालू असू शकते. झाकण उघडा, मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, एसएमपीएस, सगळ्यांच्या स्टिकरांचे फोटो काढा. सिरियल नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर टाकला की मुदत दिसते. इथे एक मेख आहे. काही डिस्का आणि प्रोसेसर खोक्याशिवाय, घाऊक ट्रेमधून आलेले असतात. तसल्या मालाला कंपनी सांगते, ‘जिथून घेतलं तिथे जा’. म्हणजे बंद शटरकडे. खोकी तुम्हाला दिली होती का आठवा. दिली असतील आणि माळ्यावर असतील तर रद्दीत घालू नका. विंडोजची की (परवान्याचा क्रमांक) तुमच्या नावावर आहे की दुकानानं एकच की सगळ्यांना वाटली होती, हेही बघून घ्या. दुसऱ्या प्रकारची दुकानं मी पाहिली आहेत.

तुमची माहिती विकली जाऊ शकते, कारण गिऱ्हाइकांची यादी ही मालमत्ता धरतात. रेडिओशॅकच्या वेळी ११.७ कोटी ग्राहकांची नोंद विकायला निघाली होती. गंमत म्हणजे साधी बॅटरी घ्यायला आलेल्या माणसाचासुद्धा पत्ता विचारणारी म्हणून ती साखळी प्रसिद्ध होती. अमेरिकेच्या व्यापार आयोगानं आणि बऱ्याच राज्यांनी हरकत घेतली, तेव्हा फोन नंबर आणि कार्डाचे तपशील वगळले आणि ईमेलसुद्धा अलीकडच्या दोन वर्षांतलेच देता आले. तुम्ही प्रशासकाला दाव्यासोबतच एक ओळ लिहा, माझी माहिती हस्तांतरित करायला माझी संमती नाही म्हणून. कायदा कितपत साथ देतो ते वेगळं, पण लिहिलेलं असलेलं बरं. आणि लॅपटॉप परत आला की त्यातले पासवर्ड बदला. दुरुस्तीसाठी लॉगिनचा पासवर्ड चिठ्ठीवर लिहून दिला होतात ना? सगळेच देतात. ती चिठ्ठी मशीनलाच चिकटवलेली असते आणि सध्या त्या रॅकपाशी कोणकोण फिरतंय ते तुम्ही पाहिलंत.

प्रिंटर घेऊ नका. चाळीस टक्के कशावर, ते आधी दुसरीकडे किंमत बघून ठरवा. समजा खरंच स्वस्त निघाला, तरी ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ असं बिलावर असणार, आणि घरी नेऊन ड्रम (कागदावर छाप उमटवणारा आतला भाग) खराब निघाला तर थेट कंपनीच्या सेवा केंद्राशी गाठ. तुमच्या भागात ते नसेल तर झालंच. आणि खोकं उघडून बघितल्याशिवाय तर मुळीच नाही. आमच्याकडे शेवटी शेवटी परत आलेले प्रिंटरसुद्धा नव्या टेपनं बंद करून पुन्हा मांडलेले होते. घ्यायचंच असेल तर एचडीएमआय केबल, माऊस, लॅन केबल असलं काही घ्या, ज्यात बिघडण्यासारखं फारसं काही नसतं. आणि व्हाउचर घेताहेत का ते प्रत्येक फेरीला विचारा. कॉमेटवाल्यांनी निर्णय फिरवला होता, हेही फिरवतील. फिरवला तर त्याच दिवशी वापरून टाका, हवं ते नसलं तरी.

नवशिका

पासवर्डची चिठ्ठी दिली होती. बदलतो. बँकेला फोन लावलाय, रांगेत सातवा आहे.